एकोणिसावी ओळ

१

मास्तरांना माणसं श्वासावरून ओळखू यायची. फोन उचलला की पलीकडचा तोंड उघडायच्या आत हे इकडून त्याचं नाव घेऊन मोकळे. किराणावाला बोलण्याआधी धापा टाकतो, धाकटा भाऊ नाकाने हवा ओढतो आणि बायको रागावली की घेतलेला श्वास सोडतच नाही, असा त्यांचा अभ्यास होता. चाळीस वर्षं वाद्यवृंदापुढे उभं राहून हातवारे केल्यावर कानाला असली व्यसनं जडतात. मास्तरीणबाई म्हणायच्या, या माणसाशेजारी झोपायचं म्हणजे रोज परीक्षेला बसायचं.

सकाळी नऊला चहाचा दुसरा कप घेऊन मास्तर पुढच्या खोलीत टेबलाशी बसत. डाव्या हाताला पत्रांचा गठ्ठा, उजव्या हाताला तांबडी पेन्सिल, कानाला हेडफोन. पत्रं एका निवृत्त घड्याळजीची होती. त्याच्याकडे ग्रामोफोनच्या सातशे जुन्या तबकड्या होत्या आणि संगणकाशी त्याचं उभं वैर होतं. शेजाऱ्याकडून तबकडीची प्रत करून घेऊन तो सीडी पोस्टाने पाठवायचा आणि सोबत चार-पाच पानं बारीक अक्षरात भरायचा. घरात त्याला सगळे तबकडीवाले म्हणत. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण आठवड्याला दोन पत्रं ठरलेली. मास्तरीणबाईंचं म्हणणं, लग्नाआधी मला सबंध वर्षात दोन पत्रं आली होती आणि त्यातलं एक तालमीची वेळ बदलल्याचं होतं.

प्रकरण असं होतं. मास्तर ज्या सभागृहात तालमी घेत, तिथेच नव्वद वर्षांपूर्वी चोवीस जणांच्या एका गायकवृंदाने एक रचना तबकडीवर गायली होती. स्वरलिपी हरवली, गाणारे गेले, उरली ती एक तबकडी. मास्तरांना निवृत्त व्हायला चार महिने होते. ती रचना कानाने उतरवून काढायची, आपल्या गायकवृंदातल्या चोवीस जणांकडून बसवून घ्यायची आणि त्याच सभागृहात ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे आपण सुटलो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

२

वृंदगानात एक साधी युक्ती असते. लांब स्वर धरायचा असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण गायचं, आपण घेऊ तेव्हा शेजाऱ्याने. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो, प्रत्यक्षात त्याला चोवीस ठिकाणी ठिगळं असतात. कोणी नेमका कुठे श्वास घ्यायचा याचा मास्तर तक्ता करायचे. प्रत्येक गायकाची एक ओळ आणि ओळीत तांबड्या खुणा. त्यांच्या वृंदात खुणेशिवाय श्वास घेणं म्हणजे वर्गात न विचारता उठून जाण्यासारखं होतं.

या रचनेचा शेवट तसल्याच एका स्वराचा होता. वाद्यं थांबतात आणि चोवीस जण एकच स्वर दीड मिनिट धरून ठेवतात. तो स्वर कसा धरला होता, हे मास्तरांना हवं होतं.

तबकडीवाल्यांनी लिहिलं, "श्वास तुम्हाला ऐकू यायचा नाही, एवढ्या खरखरीत तो कुठला येतोय. पण एक माणूस गप्प झाला की स्वर केसभर पातळ होतो. ते ऐका."

मास्तरांनी ते ऐकायला सहा आठवडे घेतले. एकेक आवाज वेगळा काढायचा, तो कुठे गळतो आणि कुठे परत येतो ते लिहायचं. तांदूळ निवडण्यातलाच प्रकार. तेवीस जणांचा हिशोब लागला. एक आवाज मात्र कुठेच गळेना. खालच्या पट्टीतल्या एका बाईचा गोल, जरासा झिजलेला आवाज होता तो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो जागचा हलला नव्हता. आणि पंचाहत्तराव्या सेकंदाला एक चमत्कारिक जागा होती. तिथे उरलेले तेवीसच्या तेवीस एकदम श्वास घेत होते. तेवढ्या क्षणापुरती ती बाई एकटी ऐकू यायची.

मास्तरांनी हेडफोन काढून ठेवला. दीड मिनिट एका श्वासात कोणी गात नाही. मग त्यांनी विचार केला की बहिणी असतील दोघी, सारख्या आवाजाच्या. एक थांबली की दुसरी धरत असेल. हे त्यांना पटलं आणि त्यांनी तसं पत्र टाकलं.

उत्तर आलं, "दोघी असत्या तर आवाज पंचवीस भरले असते. मी मोजले. तुम्हीही मोजलेत."

३

मास्तरांना एक मुलगी होती. लहानपणी तिला दमा होता. छाती अशी वाजायची की शेजारच्या खोलीत कळावं. दहाव्या वर्षी तिने बालवृंदात नाव घातलं तेव्हा मास्तरांनी सगळ्या मुलांदेखत तिला खाली उतरवलं आणि सांगितलं, तुझा श्वास पुरायचा नाही. ती रडली नाही. फक्त त्यानंतर सोळा वर्षं तिने घरात गाण्याचा विषय काढला नाही. औषधांच्या कंपनीत नोकरी धरली आणि बापाशी हवापाण्याचं बोलत राहिली. ते एक वाक्य मास्तरांना सलत होतं. वाद्यवृंदातल्या कुणाचीही माफी न मागितलेला माणूस, लेकीची कुठून मागणार?

यंदा ती आपण होऊन आली. वृंदात खालच्या पट्टीतली एक जागा रिकामी होती, तिथे घ्याल का म्हणाली. मास्तरांनी तिला इतरांसारखीच परीक्षा द्यायला लावली. आवाज पातळ, थोडा नाकातला, पण सुराला पक्का. घेतली.

त्याच आठवड्यात तबकडीवाल्यांचं जाड पाकीट आलं. त्या जुन्या वृंदाच्या संचालकाच्या नातवाकडून त्यांनी कागद मिळवला होता, त्याची प्रत. मास्तरांनी बघितलं आणि त्यांना आनंदाने हसू फुटलं. नव्वद वर्षांपूर्वीचा तो माणूसही तक्ताच करत होता. चोवीस ओळी, ओळींत खुणा, पंचाहत्तराव्या सेकंदाला वरून खालपर्यंत खुणांची एक उभी रांग. फक्त एकोणिसावी ओळ कोरी होती.

विसरला असेल, असं मास्तरांना आधी वाटलं. पण तक्ता करणारा माणूस ओळ विसरत नाही, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. मग त्यांनी ठरवलं की ती बाई जुनी आणि मुरलेली असणार, तिला खुणा लागतच नसणार. त्यांनी तक्ता जसाच्या तसा उतरवला, कोऱ्या ओळीसकट. एकोणिसावी जागा म्हणजे तिसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. वृंदात रिकामी होती ती नेमकी तीच.

तालमीत कागद वाटले तेव्हा लेक पुढे आली.

"बाबा, माझ्या ओळीत श्वास नाहीये."

सगळे बघत होते. लेकीला समजावून सांगत बसलो तर लोक म्हणणार घरचं माणूस म्हणून लाड चाललेत. शिवाय तिला वाटावं की यंदा आपल्या श्वासावर बापाचा भरवसा आहे, असंही त्यांच्या मनात होतं.

"तुला जमेल तसं कर," ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

४

तालमी विलक्षण चांगल्या झाल्या. पहिल्या आठवड्यात शेवटचा स्वर चाळीस सेकंदांत फाटायचा, तिसऱ्या आठवड्यात पुरा दीड मिनिट उभा राहायला लागला. पियानोवाल्या बाई कधी कुणाचं कौतुक करायच्या नाहीत, त्याही म्हणाल्या की तुमची लेक म्हणजे या इमारतीचा खांब आहे. मास्तरांची मान ताठ झाली. घरी जाताना त्यांनी लेकीसाठी रिक्षा थांबवली, एरवी ते तिला चालायला लावायचे.

मास्तरीणबाईंना वेगळाच आनंद होता. लेकीचा दम्याचा पंप महिनाभर कपाटात पडून होता. खोकला नाही, रात्रीची घरघर नाही. गाण्याने छाती सुधारते असं डॉक्टर म्हणत होते, पण तुम्हाला कोण सांगणार, असं त्यांनी नवऱ्याला ऐकवून घेतलं. मास्तरांनी ते निमूट ऐकलं, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं.

एका सकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी चहा घेत होती. बायको वर्तमानपत्र वाचत होती आणि तिचा श्वास मास्तरांना येत होता, जरा उथळ, मध्येच बातमी आवडली नाही की थांबणारा. स्वतःचा येत होता. खिडकीत मांजर झोपलं होतं, त्याचाही येत होता. लेक समोर बसून टोस्टला लोणी लावत होती.

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि कान दिला. लोणी फासल्याचा आवाज आला. सुरी ठेवल्याचा आला.

"काय झालं बाबा?" लेकीने विचारलं, आणि ऑफिसातली बदली, नवीन साहेब, लिफ्टची दुरुस्ती, शनिवारी तालमीला होणारा उशीर असं सगळं सांगत सुटली. मध्ये कुठे स्वल्पविराम नाही की पूर्णविराम. मास्तर घड्याळाकडे बघत होते. तिचं बोलणं संपलं तेव्हा सेकंदकाटा एक फेरी पुरी करून वर चार घरं पुढे गेला होता. ती दमलेली नव्हती. तिने टोस्टचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

वय झालं, मास्तरांनी मनाशी म्हटलं. बारीक आवाज आधी जातात. ते त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि म्हणाले, असे कान मी तिशीतल्या माणसाचेही बघितले नाहीत.

५

तबकडीवाल्यांना दुसरी तबकडी सापडली. त्याच दिवशी, त्याच वृंदाची, त्याच रचनेची. पहिली मनासारखी झाली नसावी म्हणून लगेच दुसऱ्यांदा घेतलेली. ती विक्रीला कधी आली नव्हती.

त्यांनी लिहिलं, "या वेळी त्यांनी रचना भरभर गायली आहे. शेवटच्या स्वराला जवळजवळ दोन मिनिटं उरतात. तेवीस जणांचा एकदम घेतलेला श्वास आपल्या तक्त्याप्रमाणेच येतो. मात्र त्यानंतर ते परत येत नाहीत. बाई एकटीच गाते. पुढे सबंध पाऊण मिनिट. मग खाच संपते. मास्तर, तबकडी संपली आहे, स्वर संपलेला नाही."

सोबतची सीडी मास्तरांनी दुपारी लावली. खिडकी बंद केली, पंखाही बंद केला. खरखरीतून तो आवाज येत राहिला. त्यात जोर नव्हता, भावही नव्हता. एका अंगाने कुणीतरी हालचाल केल्यासारखा लाकडाचा आवाज झाला, एक खुर्ची पडली असावी. एक पुरुष काहीतरी बोलला, दोनदा, तेच. शब्द लागत नव्हते. आवाज मात्र तसाच सरळ चालला होता आणि मग एकदम काही नव्हतं.

मास्तरांनी सीडी काढून पाकिटात घातली. त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे गर्दी करून गायचे, कोणी धक्का लागून पडलं असेल. इतर बावरून थांबले असतील, ही तेवढी थांबली नसेल. शहाणी बाई. सगळ्याला कारण असतं, फक्त ते शोधायला बसावं लागतं. तरी त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला दोनदा विनाकारण हाक मारली.

६

ध्वनिमुद्रण रविवारी होतं. शुक्रवारच्या टपालाने पत्र आलं.

"आपल्याला उपयोग नसलेली एक गंमत कळवतो," तबकडीवाल्यांनी लिहिलं होतं. "त्या दिवसाचं हजेरीपुस्तक नातवाकडे निघालं. आत येताना सही, बाहेर जाताना सही, अशी पद्धत. आत येताना चोवीस सह्या आहेत. बाहेर जाताना तेवीस. एकोणीस क्रमांकापुढे जागा मोकळी. सही करायची राहिली असेल. घड्याळं दुरुस्त करता करता मीही असंच पुष्कळ काही विसरलो आहे. कळावे, लोभ असावा."

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, उघडून परत वाचलं. मग त्यांना आपली लाज वाटली. नव्वद वर्षांपूर्वी एका बाईने सही केली नाही म्हणून साठीचा माणूस घाबरतो? सभागृह ठरलं होतं, ध्वनिमुद्रक बाहेरगावाहून यायचा होता, समितीची माणसं यायची होती. आता काय सांगून रद्द करायचं? लोक तोंडात शेण घालतील.

पण शनिवारी दुपारी ते लेकीच्या खोलीत गेले, तिचा कागद घेतला आणि एकोणिसाव्या ओळीत तांबड्या पेन्सिलीने पाच खुणा केल्या.

"इथे, इथे आणि इथे श्वास घ्यायचा," ते म्हणाले. "आणि या दोन ठिकाणी."

"कशाला?"

"मी सांगतो म्हणून."

लेकीने कागद बघितला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी उशिरा आणलेली भेटवस्तू बघावी तसं तिने त्या खुणांकडे बघितलं.

"बाबा, मला आता लागत नाही तो."

मास्तरांना तिचा हात धरावासा वाटला आणि त्यांनी धरलाही, बऱ्याच वर्षांनी. हात ऊबदार होता, नाडी चालू होती. मी तुला तेव्हा उतरवलं ते चुकलं माझं, असं त्यांनी एकदाचं बोलून टाकलं. उद्या गाऊ नकोस, हेही ओठांवर आलं होतं.

"चुकलं ना?" लेक म्हणाली आणि गोड हसली. "मग उद्या ऐका."

एवढं ऐकल्यावर तिला दुसऱ्यांदा खाली उतरवायची त्यांची छाती झाली नाही.

७

रविवारी सकाळी अकराला सगळे उभे राहिले. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक, शेवटच्या खुर्चीवर मांडीत पर्स घेऊन मास्तरीणबाई. वरच्या खिडक्यांतून ऊन लाकडी जमिनीवर पडलं होतं. एकदाच गायचं, जुन्या लोकांसारखं, असं ठरलं होतं.

रचना उत्तम चालली. वाद्यं थांबली आणि शेवटचा स्वर लागला. मास्तरांनी डावा हात उघडा वर धरला आणि एकोणिसाव्या जागेकडे बघितलं.

पहिली खूण आली. लेकीचे खांदे हलले नाहीत. दुसरी आली. तिच्या गळ्यात आईने दिलेली बारीक साखळी होती. ती गळ्याच्या खळग्यात टेकली होती आणि तिच्यावरचा उन्हाचा ठिपका जागचा हलत नव्हता. तिसरी गेली, चौथी गेली. मास्तरांनी भुवया उंचावल्या, मान हलवली, स्वतः मोठ्याने श्वास घेऊन दाखवला. लेक त्यांच्याकडेच बघत होती. पाचवीही गेली.

मग तेवीस जणांनी एकदम श्वास घेतला आणि ती एकटी उरली.

तो तिचा आवाज नव्हता. तिचा पातळ होता, थोडा नाकातला. हा गोल होता आणि जरा झिजलेला. खरखर नसल्यामुळे तो मास्तरांना आज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू येत होता.

तेवीस जणांनी परत यायला तोंडं उघडली, पण कोणी गायलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एकाने मागे वळून बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. लेकीच्या दोन्ही बाजूच्या बायका अर्धं पाऊल सरकल्या, मग आणखी एक. एक खुर्ची पडली. लेकीचे ओठ आधी पांढरे होते, आता निळसर दिसत होते. गुडघे वाकल्यासारखे झाले होते, पण ती खाली येत नव्हती. तिला एवढ्या एका स्वराने उभं धरलंय, हे मास्तरांना कळून चुकलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मास्तरीणबाई उठून पुढे आल्या होत्या. पर्स खाली पडली होती.

"अहो, थांबवा तिला," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, तेच.

थांबवणं सोपं होतं. उघडा हात मिटला की स्वर थांबतो. लेक चार वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी राहून गायची आणि बापाने मूठ मिटली की टपकन गप्प व्हायची. हा त्यांचा खेळ होता, त्यात ती कधी चुकली नव्हती. आताही चुकणार नव्हती.

मास्तरांनी हात तसाच वर धरून ठेवला. काचेपलीकडून ध्वनिमुद्रक पुरे म्हणून खुणा करत होता. बायकोने त्यांच्या उजव्या बाहीला धरलं होतं. वर धरलेल्या हाताला रग लागली होती, बोटं आपोआप आत वळायला लागली होती, आणि लेक त्या बोटांकडे एकटक बघत गात होती.